वकीलबाई राजधानीत कशा पोचल्या

डॉक्टर दातांचे आणि त्यांची बायको वकील. त्यामुळे ओळखीपाळखीत एक विनोद कायमचा चालू असायचा, की या घरातला नवरा लोकांची तोंडं उघडतो आणि बायको बंद करते. हा विनोद आधी कुणी केला ते आता कुणाला आठवत नाही. पण डॉक्टरांनी तो इतक्यांदा ऐकला होता, की नेमकं कुठे हसायचं ते त्यांना झोपेतही चुकलं नसतं.

दवाखाना तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या अंगाला. उजव्या अंगाला वकीलबाईंचं ऑफिस. वरती राहतं घर. ऑफिसच्या तीन भिंती फायलींनी भरलेल्या, चौथीला खिडकी, आणि तीही फायलींनी निम्मी झाकलेली. खरेदीखतं, भावाभावांच्या वाटण्या, घरमालक-भाडेकरूंची हमरीतुमरी, असलं त्यांचं काम. आवाज मात्र असा, की ड्रिल चालू असतानाही पलीकडून स्वच्छ ऐकू यावा. खुर्चीत तोंड वासून बसलेला पेशंट दचकला की डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "घाबरू नका. तुमच्यावर नाही ओरडत ती. तुमच्यावर ओरडली असती तर दात आपोआप पडला असता."

वकीलबाईंना राजकारणाचं वेड होतं असं म्हणावं तर तसं मुळीच नव्हतं. निवडणुका आल्या की त्या मत देऊन यायच्या आणि पुढची काही वर्षं वर्तमानपत्रावर चिडायच्या, आपल्यासारख्याच. एक खोड मात्र लहानपणापासूनची. समोरच्याने "असंच असतं हो" म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची. "कुणी ठरवलं, असंच असतं म्हणून?" हा त्यांचा प्रश्न. या प्रश्नापायी माहेरी त्यांनी मामाशी अबोला धरला होता, सासरी सासूबाईंना दोनदा रडवलं होतं, आणि लग्नाआधी डॉक्टरांनाही विचारलं होतं, "तुझा होकार आहे, की घरच्यांचा होकार तू मला आणून देतोयस?" डॉक्टर मुळातच भिडस्त. त्यांना उत्तर द्यायला आठवडा लागला. पण ते उत्तर स्वतःचं होतं, आणि तेवढ्यावर वकीलबाई त्यांच्यावर आयुष्यभर खूश राहिल्या.

या सगळ्या गोष्टीची सुरुवात दवाखान्याच्या खुर्चीत झाली.

शहराच्या एका टोकाला जुन्या बॅटऱ्या वितळवून त्यांतलं शिसं काढणारा कारखाना होता. लोक त्याला नुसतं 'भट्टी' म्हणत. भट्टीमागे कामगारांची वस्ती. त्या वस्तीतली एक बाई दाढ ठणकते म्हणून आली. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला, ओठ बाजूला केला आणि हात तिथेच थांबला. हिरडीच्या कडेला, दातांच्या मुळाशी, निळसर-काळी बारीक रेघ. पेनने ओढल्यासारखी. कॉलेजात असताना पुस्तकातल्या एका फोटोत त्यांनी ती पाहिली होती. खऱ्या तोंडात कधीच नाही. शिसं अंगात भिनलं की अशी रेघ येते, एवढं त्यांना पक्कं आठवलं.

"तुम्ही भट्टीत कामाला आहात का?" त्यांनी विचारलं.

"छे! आमचे घरधनी जातात ना. मी घरीच असते."

"मग भट्टीतलं काही घरी येतं का?"

बाई जरा लाजली. "त्यांचे कपडे येतात की धुवायला. झटकले की राखच राख. पण ते असंच असतं, डॉक्टर. भट्टीवाल्यांच्या घरात राख असायचीच."

संध्याकाळी जेवताना डॉक्टरांनी सहज ही गोष्ट सांगितली. पुढे अनेक वर्षं ते थट्टेने म्हणायचे, की त्या दिवशी मी गप्प जेवलो असतो तर आज मला गरम जेवण मिळत असतं. कारण वकीलबाईंचा घास हातातच राहिला.

"ती भट्टीत जातच नाही?"

"नाही."

"आणि तरी तिच्या अंगात शिसं?"

"अगं, खात्री नाही. नुसती रेघ आहे. कदाचित दुसरंही काही—"

"मग खात्री करू."

त्या रविवारी दोघं वस्तीत गेली. सार्वजनिक नळाजवळ एक पालथं खोकं ठेवून डॉक्टर बसले, हातात छोटा टॉर्च. "आ करा" म्हणायचं आणि बघायचं. आधी बायका लाजल्या, मग गर्दी झाली. भट्टीतल्या पुरुषांच्या हिरड्यांवर रेघ होतीच. पण कपडे धुणाऱ्या बायकांच्या हिरड्यांवरही होती, धुराच्या वाटेत राहणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांच्याही होती. मुलांच्या तोंडात रेघ नव्हती. मात्र प्रत्येक आईची तक्रार तीच, की पोट दुखतं, अंगात रक्त नाही, शाळेत काही डोक्यात शिरत नाही. घरी येताना डॉक्टर कुणाच्या तोंडात काय दिसलं ते वहीत उतरवत होते. वकीलबाई मात्र बसमध्येच खटल्याचा मसुदा तोंडाने रचायला लागल्या, आणि कंडक्टरने त्यांना दोनदा आवाज कमी करायला सांगितलं.

खटला उभा राहिला. वस्तीतली कुटुंबं एका बाजूला, भट्टीचे मालक दुसऱ्या. मालकांनी राजधानीतून वकील आणला. उंच, नेटका, केस चांदीसारखे, बोलणं लोण्यासारखं. कोर्टातल्या कारकुनांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'रुपेरी' ठेवलं आणि तेच चिकटलं.

साक्षीला डॉक्टरांना उभं राहावं लागलं. वकीलबाईंनी प्रश्न विचारले तोवर ठीक चाललं होतं. मग रुपेरी उठला.

"डॉक्टर, आपण नक्की कशाचे डॉक्टर?"

"दातांचे."

"रक्ताचे नाही?"

"नाही."

"हवेचे?"

मागच्या बाकांवर हशा पिकला.

"ही जी रेघ आपण म्हणता, ती याआधी किती पेशंटांमध्ये पाहिली होती?"

"एकाही नाही. पुस्तकात पाहिली होती."

"अच्छा! पुस्तकात पाहिलेली गोष्ट नेमकी पत्नीच्या खटल्यातच सापडली."

"नाही, म्हणजे… रेघ आधी. खटला नंतर झाला."

"आपल्या घरात आधी काय आणि नंतर काय, हे कोण ठरवतं, डॉक्टर?"

आता सगळं कोर्ट हसलं. दुसऱ्यांच्या तोंडात आयुष्य घालवलेल्या माणसाचीच दातखीळ बसली. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या कागदाकडे बघत होती. तिला मधे पडता येत नव्हतं आणि तिचे कान लाल झाले होते.

न्यायाधीश वयस्क बाई होत्या. त्यांनी हशा थांबू दिला आणि चष्मा काढून विचारलं, "डॉक्टर, तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे बाजूला राहू द्या. तुम्ही म्हणता ते खरं की खोटं, हे ठरवायचं कसं?"

डॉक्टर म्हणाले, "रक्त तपासायचं. मी नाही तपासायचं. माझ्या ओळखीच्यानेही नाही. जिथे मला कुणी ओळखत नाही, तिला कुणी ओळखत नाही आणि यांनाही कुणी ओळखत नाही, अशा ठिकाणी."

रुपेरी हरकत घ्यायला उठला आणि परत बसला. याला नाही कसं म्हणणार?

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना डॉक्टर म्हणाले, "मी माती खाल्ली आज."

"खाल्लीस," वकीलबाई म्हणाल्या. खोटं बरं वाटावं म्हणून बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "पण शेवटचं एक वाक्य बोललास ना, ते मला सहा महिने डोकं फोडूनही सुचलं नव्हतं." आणि भर रस्त्यात त्यांनी नवऱ्याचा हात धरला, जो त्या एरवी फक्त रस्ता ओलांडताना धरत.

रक्ताचे निकाल आले तेव्हा कोर्टात कुणी हसलं नाही. मुलांच्या रक्तातलं शिसं वाचून दाखवताना न्यायाधीशबाई दोनदा थांबल्या. भट्टी बंद करण्याचा हुकूम झाला. वस्तीतल्या बायकांनी वकीलबाईंच्या ऑफिसात फुलं आणून टाकली. खुर्चीवर, फायलींवर, खिडकीत, जिथे जागा मिळेल तिथे.

फुलं सुकायच्या आत भट्टीचा फोरमन दारात आला. रेड्यासारखा धिप्पाड माणूस. दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागला.

"अभिनंदन, वकीलबाई," तो म्हणाला. "भट्टी विझवलीत. आता आमच्या चुली कुणी पेटवायच्या तेही सांगा."

वकीलबाई म्हणाल्या, "तुमच्याच मुलांसाठी—"

"मुलांच्या रक्तात शिसं नको, बरोबर. पोटात काय घालू?"

डॉक्टर पॅसेजमधून ऐकत होते. आपली बायको निरुत्तर झालेली त्यांनी प्रथमच पाहिली. फोरमन गेल्यावर त्या कितीतरी वेळ फुलं गोळा करत राहिल्या. "त्याचं चुकलं नाही," एवढंच म्हणाल्या. "मी निम्माच प्रश्न सोडवला आणि फुलं पूर्ण घेतली."

पण तो निम्मा प्रश्नही टिकला नाही. काही महिन्यांनी राजधानीतल्या एका खात्याने नियम बदलला. हवेत किती शिसं चालेल याची मर्यादा वाढवली. कालपर्यंत जे बेकायदा होतं ते आज कायदेशीर झालं. भट्टी पुन्हा धडधडू लागली. चिमणी थोडी उंच केली होती, एवढाच काय तो फरक. बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, घड्याळाच्या जाहिरातीखाली चार ओळींत आली होती.

डॉक्टरांना वाटलं आता घरात स्फोट होणार. पण वकीलबाईंनी वर्तमानपत्र नीट घडी करून ठेवलं.

"आपण सामना जिंकलो," त्या म्हणाल्या, "आणि त्यांनी मैदानाच्या रेघाच पुसून नव्या मारल्या. एवढी वर्षं मी चुकीच्या खोलीत भांडत होते रे."

"मग बरोबर खोली कुठली?"

"जिथे रेघा मारतात ती."

डॉक्टरांनी निवडणुकीला किती दिवस उरले ते बोटांवर मोजलं. त्यांना बायको कळत होती.

पहिल्या निवडणुकीत वकीलबाई एकट्याच उभ्या राहिल्या, पक्ष नाही, कार्यकर्ते नाहीत. लेक तेव्हा शाळेत होती. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी फलक रंगवले, त्यात 'उमेदवार'चा 'उमदेवार' झाला आणि तसेच लावले गेले. दवाखान्यातल्या नर्सबाई प्रत्येक पेशंटला गुळणी करायला सांगून वर "मत कुणाला?" असं विचारायच्या, तोंडात पाणी असल्याने कुणी नाही म्हणू शकायचं नाही. एका सभेत वेळेवर वक्ता आला नाही म्हणून डॉक्टरांना बळेच माइकपुढे ढकललं. ते उभे राहिले आणि दिवसातून दोनदा दात घासण्याचं महत्त्व सांगून खाली बसले. टाळ्या त्या सभेत त्यांनाच सर्वांत जास्त पडल्या.

भट्टीजवळच्या सभेत फोरमन आणि त्याची माणसं गोंधळ घालायला आली. "घरी जा! पोटावर पाय देणारी बाई!" असा आरडाओरडा. बरोबरची मंडळी म्हणाली, सभा गुंडाळू. वकीलबाईंनी माइक उचलला, मंचावरून खाली उतरल्या आणि तो सरळ फोरमनच्या हातात दिला.

"बोला. तुम्हाला तिकडून ओरडावं लागतंय, घसा बसेल."

फोरमन गांगरला. पण मग बोलला, आणि झकास बोलला. भट्टी बंद असतानाचे दिवस, घरात बसलेला बाप, कामासाठी दारोदार दाताच्या कण्या करत फिरणं. वकीलबाई उभ्या राहून ऐकत होत्या. त्याचं झाल्यावर माइक परत घेऊन म्हणाल्या, "यांनी सांगितलं त्यातला एकही शब्द खोटा नाही. यापुढे मी कुठलीही भट्टी बंद करा म्हणेन, तेव्हा त्याच दमात कामगार कुठे जाणार ते सांगेन. सांगितलं नाही, तर मला असंच ओरडून खाली बसवा."

सभा जिंकली, निवडणूक सपाटून हरल्या. फोरमनने मत दुसऱ्यालाच दिलं. हे त्याने स्वतःच नंतर सांगितलं.

नंतर म्हणजे दोनेक वर्षांनी, दवाखान्यात. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवून गुळणीसाठी पाण्याचा पेला दिला. फोरमनने उजव्या हाताने घेतला, आणि पेला सुटला. मनगट लोंबकळत खाली गेलं. त्याने डाव्या हाताने ते उचलून मांडीवर ठेवलं, जसं काही दुसऱ्याचं आहे.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"थंडीपासून. कारखान्याचा डॉक्टर म्हणतो, झोपेत हात अंगाखाली आला असेल."

डॉक्टरांनी ओठ बाजूला केला. रेघ नव्हती ती, पट्टाच होता.

"हे शिसं आहे," डॉक्टर म्हणाले. "आधी मोठ्या इस्पितळात चला. दाढेचं नंतर बघू."

फोरमनने वाकून डाव्या हाताने पडलेला पेला उचलला. मग म्हणाला, "वकीलबाई आहेत का पलीकडे?"

त्या दिवसापासून चित्र पालटलं. वकीलबाईंनी आणि फोरमनने मिळून काय नको ते लिहिण्याऐवजी शिशाच्या नव्या कायद्यात काय हवं ते लिहायला घेतलं. बंदिस्त भट्ट्या. धूर गाळूनच बाहेर सोडायचा. कारखान्यातच अंघोळ, कपडे तिथेच धुवायचे, राख घरी जाता कामा नये. दुरुस्ती चालू असेल तोवर कामगारांचा पगार चालू. दोघांची रोज खडाजंगी व्हायची. फोरमन टेबलावर डावा हात आपटायचा, वकीलबाई आवाज चढवायच्या, आणि पलीकडे पेशंटचा दात भुलीशिवायच निघायचा, कारण त्याचं सगळं लक्ष भांडणाकडे असायचं.

पुढच्या निवडणुकीत एका छोट्या पक्षाने वकीलबाईंना उमेदवारी दिली. भट्टीची वस्ती या वेळी फोरमनच्या मागे होती. निसटता का होईना, विजय मिळाला. वकीलबाई संसदेत गेल्या.

संसदेत त्यांची जागा अगदी मागच्या बाकावर, खांबाआड. पहिलं वर्षभर त्यांना बोलायला मिळालं ते एवढंच, की "माइक चालत नाही." पण त्यांना माइकची गरज कधीच नव्हती. जे कायदे बाकीचे सदस्य उशाला घेऊन झोपत ते त्या कलमाकलमाने वाचत आणि नेमका नको तो प्रश्न विचारत. मंत्री त्यांना चुकवून दुसऱ्या जिन्याने जाऊ लागले. घरी लेक म्हणाली, "आई आता मला टीव्हीवरच जास्त दिसते. एक बरं आहे, तिथे आवाज कमी करता येतो." सगळे हसले. डॉक्टरही हसले, पण लेकीने मान फिरवलेली त्यांना दिसली. दर शनिवारी ते तिला घेऊन राजधानीला जाऊ लागले. तिथे तिघांनी मिळून घरच्या डब्यातलं जेवायचं, आणि जेवताना कायद्याचं बोलायचं नाही हा लेकीचा कायदा.

मग पक्षाचे वृद्ध नेते आजारी पडून निवृत्त झाले. पक्षात दोन बडे पुढारी होते. दोघांनाही ती खुर्ची हवी होती आणि दोघांनाही ती दुसऱ्याला मिळू द्यायची नव्हती. शेवटी दोघांच्या मनात एकच विचार आला: तूर्तास वकीलबाईंना बसवू, या बाईमागे ना पैसा ना गट, हव्या तेव्हा उठवता येतील. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. पण खुर्चीत बसल्यावर वकीलबाई जिल्ह्याजिल्ह्यांत फिरल्या, जिथे गेल्या तिथे माइक लोकांच्या हातात दिला, आणि बडे पुढारी उठवायला आले तोवर सगळा पक्षच त्यांच्या बाजूने उठून उभा राहिला होता.

खरी कसोटी लागली ती नंतर. निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही आणि सरकार बनायचं तर या छोट्या पक्षाचा टेकू लागणार होता. सर्वांत मोठ्या पक्षाने निरोप धाडला: वकीलबाईंना अर्थखातं, अटीत फक्त एवढंच, की शिशाच्या कायद्याचं "पुढे बघू".

त्या वेळी वकीलबाई घरी आल्या होत्या. स्वयंपाकघराच्या टेबलाशी डॉक्टरांनी विचार करून सांगितलं, "घे. मंत्री झाल्यावर कायदा करता येईल."

"'पुढे बघू' म्हणजे काय ते तुला माहीत आहे."

"अगं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागतेस? एवढी वर्षं झिजलीस. आम्हीही झिजलो. कधीतरी घे ना पदरात."

"खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असं होईल माझं."

"दातांचं मला सांगू नकोस!" डॉक्टर ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच. स्वतःच्याच आवाजाने ते इतके दचकले की उठून खाली दवाखान्यात गेले आणि स्वच्छ असलेली हत्यारं पुन्हा उकळत बसले.

वकीलबाईंनी मंत्रिपद नाकारलं. बदल्यात एकच गोष्ट मागितली: पहिल्याच अधिवेशनात शिशाचा कायदा मांडायचा, आणि हे करारात लिहून द्यायचं. पक्षातले पुढारी दातओठ खाऊ लागले. ज्यांनी मंत्रिपदाचे सूट शिवायला टाकले होते त्यांनी तर बोलणंच सोडलं. डॉक्टरांनाही वाटत होतं, बायको चुकली.

त्यात भर म्हणून तिने कायद्याचा मसुदा करायला कुणाला बोलवावं? रुपेरीला!

"त्या माणसाने मला भर कोर्टात…" डॉक्टर म्हणाले.

"माहीत आहे. मी विसरलेले नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पण कायद्यातल्या फटींतून मालकांना बाहेर काढण्यात त्याचं आयुष्य गेलं. फटी कुठे राहतात ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?"

"आणि तो येईल?"

"आलाय. पुढच्या खोलीत बसलाय. आता निवृत्त आहे. त्याची नात आजारी असते. का, ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही."

रुपेरी बसला होता खरा, पण गाल हाताने दाबून. दाढ सुजली होती. डॉक्टरांनी दारातूनच ती सूज पाहिली. मग म्हणाले, "खाली चला."

खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाचा रुबाब राहत नाही. रुपेरीने डोळे मिटून विचारलं, "डॉक्टर, आपण नक्की दातांचेच ना?"

"दातांचाच," डॉक्टर म्हणाले. "आ करा." आणि भूल अगदी हळुवार दिली. सुई टोचल्याचं कळलंसुद्धा नाही, असं रुपेरी पुढे सगळ्यांना सांगत असे.

मतदानाच्या दिवशी डॉक्टर, लेक आणि फोरमन प्रेक्षकांच्या सज्जात बसले होते. खाली वकीलबाई बोलायला उठल्या. मोठ्या आवाजाची बाई त्या दिवशी हळू बोलली, आणि तिला ऐकण्यासाठी सभागृहाला गप्प बसावं लागलं. त्यांनी भट्ट्यांचं सांगितलं तेवढंच कामगारांचंही. एका विरोधकाने उठून म्हटलं, "उद्योग म्हटला की थोडंफार असंच असतं." बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो बसला. फोरमनने डॉक्टरांच्या कानात म्हटलं, "मला हे बघणं माहीत आहे. रोजच्या खडाजंगीत मीही असाच बसायचो."

कायदा संमत झाला. डॉक्टरांना तेव्हा उमगलं, की टेबलाशी त्या दिवशी आपण चुकलो होतो. जिन्यात गाठ पडल्यावर त्यांनी तसं बायकोला सांगून टाकलं. वकीलबाई म्हणाल्या, "अरे, मलाही खात्री नव्हती. तू ओरडलास तेव्हा तर वाटलं, तुझंच बरोबर असेल. एरवी तू ओरडत नाहीस ना."

पुढचं देशाला माहीत आहे. त्यानंतरच्या निवडणुकीत छोटा पक्ष छोटा राहिला नाही, आणि वकीलबाई उपपंतप्रधान झाल्या. सगळंच गोड झालं असं नाही. फोरमनचं मनगट पूर्ण सुधारलं नाही. तो डाव्या हाताने लिहायला शिकला. लेकीच्या पदवीदान समारंभाला आईची खुर्ची रिकामी राहिली आणि त्याबद्दल तिने कितीतरी दिवस आईला माफ केलं नाही. कायद्याला भिऊन काही मालकांनी परसात, शेडमध्ये चोरून छोट्या भट्ट्या लावल्या, ते उघडकीला आलं तेव्हा वकीलबाईंनी संसदेत उभं राहून सांगितलं, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही." मंत्री असं बोलत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच बातमी झाली, आणि ती आतल्या पानावर नव्हती.

डॉक्टरांनी दवाखाना सोडला नाही. राजधानीत बंगला मिळाला होता, पण तिथे कुणाचे दात दुखत नाहीत असं त्यांचं म्हणणं.

परवाचीच गोष्ट. वस्तीतली एक तरुण आई धाकट्या पोराला घेऊन दवाखान्यात आली. पोरगं खुर्चीवर चढलं, दिवा फिरवला, नर्सबाईंचा कापूस पळवला, आणि तोंड उघडायला सांगितल्यावर डॉक्टरांच्या बोटाला चावलं. आई रडकुंडीला आली.

"काय करू हो याचं, डॉक्टर? थोरला भट्टीच्या जुन्या दिवसांतला. तो सदा पोट धरून कोपऱ्यात बसलेला असायचा. हा नवीन भट्टीच्या वेळचा. सकाळपासून नुसता धुडगूस! शेजारी भांडायला येतात."

ती गेल्यावर डॉक्टरांनी राजधानीला फोन लावला. बैठक चालू होती, पण त्यांचा फोन बैठकीतही घेतला जायचा.

"तुझ्या कायद्याविरुद्ध तक्रार आलीय," ते म्हणाले.

"कुणाची? काय झालं?" पलीकडचा आवाज लगेच वकिलाचा झाला.

"एका आईची. पोरगं दिवसभर उड्या मारतं म्हणे. घरात पाय ठरत नाही. मला चावलंसुद्धा."

पलीकडून कुणाला तरी, बहुधा बैठकीतल्या मंडळींना, "दोन मिनिटं थांबा" म्हटलेलं ऐकू आलं, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आला.

"किती जोरात चावला?" वकीलबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज ओला झाला होता.

"कडकडून," डॉक्टर बोट चोखत म्हणाले. "दात मजबूत आहेत."